ऐंशी अंशांवर अर्धा तास

"पाच वाजता फ्रिजची चावी माझ्या टेबलावर पाहिजे. आणि जायच्या आधी हे एकदा बघून घ्या," टेंबे सर म्हणाले आणि त्यांनी छापील कागद माझ्याकडे सरकवला.

मी कागद उचलला. वर आमच्या निबंधाचं नाव होतं, तोंडातल्या जखमा आणि दह्यातले जीवाणू यांच्याबद्दलचं. खाली नावं दोन. डॉ. श्रीरंग टेंबे आणि त्यांचा मुलगा डॉ. निहार टेंबे. मी पान उलटलं, मागचं बघितलं, पुन्हा पुढचं बघितलं. अगदी शेवटी, बारीक टायपात, उंदरांचे पिंजरे साफ करणाऱ्यांच्या आभारांत कुमारी व्ही. खोत सापडली.

"सर, निहारनं एकदा तरी उंदराचं तोंड उघडून बघितलंय का?"

"निहारला परदेशात प्रवेश घ्यायचाय. त्याला पेपर लागतो. तुम्हाला त्याचा काय उपयोग? तुम्ही काही डॉक्टर नाही."

"पण काम माझं आहे. जीवाणूसुद्धा माझ्या घरचा."

"मिस खोत, दही सगळ्यांच्याच घरी लागतं," ते हसून म्हणाले. "आजपासून तुम्ही विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत. सोमवारी पेशंट सुरू होतायत. तीन आठवड्यांच्या बाटल्या तयार आहेत ना?"

"आहेत. पण रोज सकाळी एका बाटलीतला थेंब प्लेटवर लावायचा, दोन दिवसांनी ठिपके मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा. तरच आतले जीवाणू जिवंत आहेत हे कळतं. निहारला दाखवून ठेवू?"

"त्याचं तो बघेल."

ते जेवायला गेले. अडीच वाजले होते.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका गावात दातांचं कॉलेज होतं, तिथे मी एम.एस्सी. करून चार वर्षं संशोधन सहायक होते. काम एकच, तोंड येतं तेव्हाच्या जखमा लवकर कशा भरतील ते शोधायचं. उंदरांच्या गालात आतून जखम करायची आणि निरनिराळे जीवाणू लावून बघायचे. बाजारातले सगळे करून झाले. मग एकदा कंटाळून मी आईच्या विरजणातला जीवाणू वेगळा काढला. सातव्या प्लेटवर जो उगवला त्याचं नाव ठेवलं आ-७. एरवी नऊ-दहा दिवस घेणारी जखम त्यानं पाच दिवसांत भरली. मी पुन्हा केलं, मग पुन्हा केलं. पाचच दिवस.

हे विरजण आईनं लग्नात माहेराहून, चिकोडीकडून आणलेलं. मातीच्या बुडकुल्यात रोज नवं लागायचं आणि अर्धी गल्ली त्यातलं न्यायची. आईनं विरजणाला कुणालाही नाही म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या सुंद्राकाकूशी तिचा सहा वर्षं अबोला होता. तिलासुद्धा वाटीत विरजण मिळायचं, फक्त बोलणं मिळायचं नाही.

आ-७ सापडला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून आईला सगळं समजावून सांगितलं होतं. जखम झाली की रक्तातल्या पेशी तिथे धावून येतात, आधी लढतात, घाण खातात, आणि मग त्याच पेशी स्वभाव बदलतात आणि दुरुस्तीला लागतात. जी जखम भरत नाही, तिथे त्या नुसत्याच लढत राहिलेल्या असतात.

"मग त्यास्नी सांगतं कोण, आता पुरे म्हणून?" आईनं विचारलं होतं.

"तुझं विरजण," मी म्हटलं होतं. आई इतकी खूश झाली की तिनं बुडकुल्याला हळदीकुंकू लावलं.

आणि आता त्याच विरजणावर निहार टेंबे परदेशी जाणार होता.

मी फ्रिज उघडला. अठरा बाटल्या. सहा पेशंट, प्रत्येकाला आठवड्याला एक. आत मिठाच्या पाण्यात आ-७ मिसळलेला, ताकाच्या निवळीसारखा गढूळ. लेबलं माझ्या अक्षरातली. आणखी सहा पेशंटांना नुसतं मिठाचं पाणी मिळणार होतं, म्हणजे फरक कळावा. फ्रीझरमध्ये मूळ बियाण्याच्या आठ नळ्या होत्या.

वॉटर बाथ म्हणजे गरम पाण्याची साधी टाकी. मी काटा ऐंशी अंशांवर ठेवला. दह्यातला जीवाणू त्या पाण्यात अर्धा तास राहिला की मेलाच. त्याचा रंग बदलत नाही, वास बदलत नाही, तो फुटतसुद्धा नाही. नऊ बाटल्या, मग नऊ बाटल्या, मग आठ नळ्या. मी स्टूल ओढून बसले आणि गालाची आतली बाजू चावत राहिले. ती माझी जुनी खोड. संताप आला की मी गाल चावते आणि चार दिवसांत माझंच तोंड येतं.

तिसरी फेरी संपली तेव्हा पाचला दहा कमी होते. बाटल्या पुसल्या, गार केल्या, जागच्या जागी ठेवल्या. चावी टेंबे सरांच्या टेबलावर ठेवली. घरी जाताना मला फार बरं वाटत होतं. तीन आठवड्यांनी निकाल बघायला पुण्याचे तज्ज्ञ पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे टेंबे उभे राहणार आणि त्यांच्याकडे दाखवायला एकही बरं झालेलं तोंड नसणार. ते तोंड कसं करतील याचा विचार करत मी सायकल हाणली. पेशंट म्हणजे तेव्हा माझ्या डोक्यात फक्त सहा आकडे होते. मिठाच्या पाण्यानं कुणी मरत नाही, एवढं मी स्वतःला सांगून टाकलं.

सोमवारी संध्याकाळी मी घरी आले तर स्वयंपाकघरात तानूमावशी बसली होती. तानूबाई माळवदे, आमच्यापासून तिसरं घर, भाजी विकायची. तेराव्या वर्षापासून मिश्री लावायची सवय, आणि त्या वर्षी गालात कॅन्सर निघाला होता. कॉलेजशेजारच्या दवाखान्यात ती रोज रेडिएशनला जायची. आमच्याकडे त्याला नुसतं लाइट म्हणतात. लाइटनं गाठ वितळत होती, पण सगळं तोंड आतून सोलून निघालं होतं. ओठ हलवतानासुद्धा तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तिच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली होती.

"मीच तिचं नाव घालायला लावलं," आई म्हणाली. "म्हटलं, आमच्या वैजीचं औषध हाय. चिठ्ठ्या टाकल्या त्यात बरोबर हीच बाटली आली हिच्या वाट्याला. बघ, तुजंच अक्षर."

मी बघितलं. आ-७, पहिला आठवडा, चार नंबर.

"तिच्याकडं फ्रिज न्हाई. आपल्यातच ठिवू," आई म्हणाली आणि तिनं बाटली विरजणाच्या बुडकुल्याशेजारी ठेवली. "तीस वर्सं माझ्याकडनं विरजण नेतीस तानू. आता डाक्टरच्या हातनं घे."

तानूमावशी बोलू शकत नव्हती. तिनं माझा हात धरला आणि आपल्या कपाळाला लावला.

आता बोल, असं माझ्या मनात आलं. आणि पाठोपाठ हेही आलं की बोलले तर टेंबे सुटले. बाटल्या बदलल्या जातील, पेशंट बरे होतील, निहार विमानात बसेल, आणि मी मात्र नोकरीवरून जाईन. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "दिवसातून तीनदा चूळ भरायची मावशी. मग गिळायचं."

त्या आठवड्यात तिची लाइट संपली, पण तोंड आणखी बिघडलं. ती सकाळ, दुपार, संध्याकाळ आमच्याकडे यायची, मोरीत उभी राहून चूळ धरायची आणि बोटांवर साठ मोजायची. चौथ्या दिवशी तिनं पेज सोडली. सातव्या दिवशी दूध सोडलं. खुणेनं सांगायची, आग होते. आई तिला म्हणायची, "धीर धर. इरजण लागायलाबी रात जावी लागती."

मला रोज ते ऐकावं लागायचं. मी ताटावर बसायचे आणि माझाही घास फिरायचा, कारण गाल चावून माझंही तोंड आलं होतं. आईनं माझ्यापुढे ताक ठेवलं तर मी ते प्यायले नाही.

नवव्या दिवशी तानूमावशीला पाणीसुद्धा गिळवेना. दवाखान्यात नाकातून नळी घालायची म्हणत होते. आई तिच्याबरोबर गेली आणि मी घरी एकटी राहिले. मी फ्रिज उघडला. दुसऱ्या आठवड्याची बाटली आणि बुडकुलं शेजारी शेजारी. एक चमचा विरजण गाळून त्या बाटलीत घालायचं, एवढंच. कुणाला कळलं नसतं. मी चमचा घेतला, बुडकुल्यात बुडवला, बाटलीचं झाकण काढलं.

पण मग सहातली एक तरी बरी होईल. टेंबे त्या एकीचाच फोटो मोठा करून लावतील. मी चमचा धुऊन टाकला आणि झाकण घट्ट लावलं.

हे मी आजवर फक्त दोघींना सांगितलंय.

अकराव्या दिवशी तानूमावशी आली ती खुणा न करता म्हणाली, "वैनी, आज कमी हाय." शब्द जड होते, पण शब्द होते. तेराव्या दिवशी तिनं आंबील प्यायली. मी टॉर्च घेऊन तिचं तोंड बघितलं. जखमांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या, पांढरा थर सुटत होता. उंदरांच्या गालात मी हेच शेकडो वेळा बघितलं होतं. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं की दुसऱ्याही चौघीपाचजणी सुधारतायत, आणि नुसत्या पाण्यावरचे सहाजण मात्र तसेच आहेत.

मेलेल्या जीवाणूंनी काम केलं होतं. पेशींना ते श्वास घेतायत की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. नुसतं त्यांचं कवच ओळखून त्या शांत झाल्या असाव्यात आणि दुरुस्तीला लागल्या असाव्यात. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. खरं सांगते, मला आनंद झाला नाही. तानूमावशी बरी होत होती आणि मी जळफळत होते. मी टेंबेंना खड्ड्यात घालायला गेले आणि त्यांना खांद्यावर बसवून आले, असं मला झालं.

त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत निहारची वही आली. कुणा मुलांना नमुना म्हणून दाखवायला त्यानं पाठवली होती. मी ती उघडली. रोजची मोजणी, निळ्या शाईत, सुबक. दर मिलिलिटरला दहा कोटी. नऊ कोटी ऐंशी लाख. दहा कोटी वीस लाख. एकही दिवस चुकलेला नाही. त्यानं एकही प्लेट लावली नव्हती. माझ्या जुन्या वहीतले आकडे थोडे इकडेतिकडे करून उतरवले होते.

मी घरी जाऊन तानूमावशीच्या बाटलीतला थेंब घेतला आणि प्लेटवर लावला. दोन दिवसांऐवजी तीन दिवस थांबले. प्लेट धुतलेल्या बशीसारखी कोरी राहिली.

पुण्याचे पाहुणे आले त्या दिवशी सभागृह भरलं होतं. टेंबे सर सुटात होते. निहार पहिल्या रांगेत. एकेक फोटो पडद्यावर येत होता, आणि तानूमावशीचं उघडलेलं तोंड हातभर मोठं दिसलं तेव्हा टाळ्या पडल्या.

"या जिवंत जीवाणूंनीच ही किमया केली," सर म्हणाले. "आम्ही रोज सकाळी त्यांची मोजणी करत होतो."

मी शेवटच्या रांगेतून उठले. "सर, एक प्रश्न. मोजणी कुणी केली?"

"डॉ. निहारनं. तुम्ही बसा, मिस खोत."

"रोज?"

"रोज. वही आहे." त्यांनी ती पाहुण्यांपुढे ठेवली.

"मग त्याला मरून पडलेल्यांत दहा कोटी जिवंत कसे सापडले?" मी चालत पुढे गेले आणि पाहुण्यांच्या टेबलावर पिशवीतून बाटली काढून ठेवली. शेजारी प्लेट ठेवली. "ही पेशंटची बाटली. ही तिची प्लेट. तीन दिवस झाले. मोजा."

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी प्लेट उजेडात धरली, फिरवली, आणि निहारकडे बघितलं. निहार बुटांकडे बघत होता.

"हिनं काहीतरी केलंय," टेंबे सर ओरडले. "ही चिडलेली आहे!"

"हो, केलंय," मी म्हटलं. "सगळ्या बाटल्या मी ऐंशी अंशांवर अर्धा तास ठेवल्या. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा. तुमच्या मुलानं एक दिवस, फक्त एक दिवस, थेंब प्लेटवर टाकला असता तर तुम्हाला दोन दिवसांत कळलं असतं."

टेंबे सरांच्या ओठांवर घाम आला होता आणि ते हातातलं बटण दाबत सुटले होते. त्यांच्या मागे पडद्यावर तानूमावशीचं तोंड जायचं, यायचं, जायचं. ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं आहे आणि मला ते आवडतं.

म्हातारे गृहस्थ मला हळूच म्हणाले, "बाई, मेलेले असून पेशंट बरे झाले? अहो, मग हा तर खरा शोध आहे."

"असेल," मी म्हटलं आणि बाहेर पडले.

त्याच दुपारी माझी नोकरी गेली. महिन्याच्या आत टेंबेंच्या नावाची पाटी दारावरून निघाली आणि पेपर मागे घेतला गेला. माझंही नाव त्या क्षेत्रातून गेलं, पण ते आधीच गेलेलं होतं. आ-७ ला कॉलेजात पुन्हा कुणी हात लावला नाही. नुसत्या पाण्यावरच्या सहाजणांना नंतर ते औषध द्यायचं ठरलं होतं. ते द्यायचं राहिलं.

मी घरी आले तेव्हा तानूमावशी आमच्या ओसरीवर बसून भाकरी खात होती. तीन महिन्यांनी पहिल्यांदा. शेजारी तिनं स्वतः कुटलेला मिरचीचा ठेचा, आई तिला लावू देत नव्हती तरी ती बोटाला लावून चाटत होती. मी दोघींपुढे उभी राहून सगळं सांगितलं. प्लेट, वही, टेंबेंचा घाम. मला वाटलं, आई मांडीवर थाप मारून हसेल. निबंधातून माझं नाव गाळल्याचं कळल्यावर माझ्या मानापायी तीसुद्धा आठ दिवस धुसफुसत होती.

आईनं पीठ चाळायचं थांबवलं. "तानू पयल्यांदा बाटली घिऊन आली, तवा तुला ठावं हुतं?"

"हो."

"पानी गिळवंना तिला, तवा?"

"हो. त्या दिवशी मी चमचा घेतला होता आई. विरजणात बुडवलासुद्धा होता."

"मग?"

"धुऊन ठेवला."

तानूमावशी म्हणाली, "जाऊ द्या की वैनी. बरी झाले न्हवं मी?"

आईनं पीठ चाळून घेतलं, परात झाकली आणि आत गेली.

पुढच्या महिन्यात मला बेळगावकडे एका डेअरीत काम मिळालं, लोकांचं दही तपासायचं. निघताना मी वाटी पुढे केली. आईनं लाडू दिले, लोणचं दिलं, दोन लुगड्यांची गोधडी दिली. वाटी तिनं माझ्या हातात परत ठेवली.

"दुकानात मिळतं," ती म्हणाली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. माझ्याशी बोलायची, माझ्याकडे यायची, आजारपणात माझ्या हातचं खायची. विरजण मी दरवर्षी मागायचे आणि दरवर्षी ती विषय बदलायची. शेवटी मीही हट्टानं मागायचं सोडलं.

आई गेली आणि बुडकुलं तानूमावशीकडे गेलं. दिवस झाल्यावर मी एका सकाळी वाटी घेऊन तिच्या दारात उभी राहिले. ती आता सत्तरीला आली होती, एक गाल बसका, पण आवाज पूर्वीसारखा खणखणीत.

"मावशी, विरजण द्या."

ती उठली, बुडकुल्यापाशी गेली, आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"न्हाई गं देता येत पोरी. वैनीनं शब्द घेतलाय माज्याकडनं. गल्लीत कुनालाबी दे म्हणाली, वैजीला सोडून." ती वळली. तिचे डोळे भरले होते. "लई भांडले मी तिच्याशी. म्हटलं, जखम माज्या तोंडात हुती, तू कशापायी धरून बसलीयास? तर म्हणाली, तानू, तुजी भरली."

मला आईचा राग आला नाही. सुंद्राकाकूचं तिनं बोलणं तोडलं होतं, माझं विरजण, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

मी वळले तर मावशीनं हाक मारली. "थांब. वाटी रिकामी नेऊ नगंस." तिनं माझ्या हातातली वाटी घेतली, पाट्यावरचा ओला ठेचा बोटांनी निपटला आणि काठोकाठ भरून दिली.

तेरा दिवस मी गाल चावत होते आणि माझं तोंड आलेलं होतं. घरी आले, भाकरीसुद्धा न घेता आईच्या चुलीपाशी बसले आणि तो सगळा ठेचा मी बोटानं चाटून संपवला.